पायघडी कुणाची

प्रिय खिळ्या,

हे चौथं पत्र. आधीची तीन फाडली. पहिल्यात शिव्या फार झाल्या, दुसऱ्यात रडगाणं, आणि तिसरं वाचून बघितलं तर ते वकिलाने लिहिल्यासारखं वाटलं. वर्षभरात माझी भाषाच बिघडली आहे रे. ‘सदर’, ‘उपरोक्त’ असले शब्द तोंडात येतात. परवा मी सोल कापणाऱ्या मावशींना म्हणाले, सदर रबर ओलं आहे, तर सगळ्याजणी खो खो हसल्या. बऱ्याच दिवसांनी दुकानात कोणी हसलं, म्हणून मग मीही हसून घेतलं.

बाकी इथलं सांगायचं तर, मागच्या खिडकीसमोर शेजाऱ्याने भिंत चढवली, त्यामुळे शिलाईचं टेबल आता पुढे दारापाशी आणलं आहे. उजेड बरा येतो, पण रस्त्याने जाणारा प्रत्येक जण आत डोकावतो. माझ्या चष्म्याचा नंबर वाढला. बाबांचं जुनं मशीन अजून चालतं. कुरकुरतं, पण चालतं. सहा जणी होत्या, आता चौघी राहिल्या. दोघींना मी थांबवलं नाही. थांबवायला तोंड नव्हतं.

तुला आई किती आठवते, मला माहीत नाही. तू सात वर्षांचा होतास, मी एकोणीसची. तिला साखरेचा आजार, पावलांना काही कळायचं नाही. बाबा इतके नावाजलेले चांभार, आणि त्यांनीच ठोकलेल्या चपलेतला एक खिळा वर आला आणि ती दिवसभर त्यावर चालत राहिली. संध्याकाळी मी तिचे पाय धुवायला बसले तेव्हा पाणी लाल झालं. ती म्हणाली, ‘अगं, काय सांडलंस?’ आधी बोट गेलं, मग पाऊल, मग गुडघ्यापर्यंत. त्या वर्षभरात बाबांनी दुकानातले सगळे खिळे एका डब्यात भरून भंगारवाल्याला देऊन टाकले, आणि तुला मात्र तेव्हापासून खिळ्या म्हणायला लागले. तू तसा होतासच, काटकुळा आणि डोकं मोठं. मला वाटतं, त्यांना तो शब्द घरात कुठेतरी चांगल्या अर्थाने ठेवायचा होता.

आईच्या उरलेल्या पायासाठी त्यांनी पहिली बिनखिळ्याची चप्पल केली. मऊ पण न दबणारं रबर, आत कुठेही टाका टोचणार नाही अशी शिलाई, मागे पट्टा. आईने ती घातली, एका हाताने कुबडी, एका हाताने भिंत धरून दोन पावलं टाकली आणि म्हणाली, ‘काय हो, पायघड्या घातल्यात की काय माझ्यासाठी!’ तिथून ते नाव. आई त्यानंतर चार महिनेच होती. नाव राहिलं.

हे सगळं तुला माहीत आहे. तरी लिहिते आहे, कारण कोर्टात मला हेच सांगावं लागलं, तारखांसकट, आणि समोरच्या वकिलाने मध्येच जांभई दिली.

एक गोष्ट मात्र आधी कबूल करते. नावाची नोंदणी करायचं तूच म्हणाला होतास. बाबा जाऊन वर्ष झालं होतं, तू डॉक्टरांकडे, दवाखान्यांकडे फिरून माल लावत होतास, आणि एक दिवस जेवताना म्हणालास, ‘ताई, पायघडी रजिस्टर करून टाकू. कोणी उचललं तर बोंबलत बसू.’ मी म्हणाले, ‘आपली चप्पल लोक पायाने ओळखतात, नावाने नाही.’ फार शहाणपणाचं बोलल्यासारखं वाटलं होतं मला. तू त्यानंतर दोनदा तो फॉर्म आणून माझ्या टेबलावर ठेवलास. मी त्यावर पायांची मापं काढली. त्या वेळी तुझं ऐकलं असतं तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. चूक माझी, तिथवरची.

मग आपलं भांडण झालं. तुला साच्यातून दिवसाला पाचशे जोड काढायचे होते, मला हातशिलाई सोडायची नव्हती. तू म्हणालास, ‘तू दुकान चालवत नाहीस, आईचं श्राद्ध घालते आहेस.’ मी म्हणाले, ‘मग नीघ.’ तू निघालास. आठ दिवसांत परत येशील म्हणून मी तुझी मापांची वही आवरलीसुद्धा नाही. तू त्या घाऊक व्यापाऱ्याकडे विक्रीप्रमुख झालास, हे मला रबरवाल्याकडून कळलं. राग आला, पण थोडं बरंही वाटलं. म्हटलं, पोराला केबिन मिळाली असेल, वर पंखा असेल.

गेल्या वर्षी मास्तर आले. तुला आठवत असतील, गणिताचे, आईसारखाच साखरेचा आजार, बाबांच्या वेळचे गिऱ्हाईक, माप द्यायला बसले की आपल्यालाच पाढे विचारायचे. आले म्हणजे जावयाने उचलून आणले. डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, त्यात एक चप्पल. ती त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली आणि शांतपणे विचारलं, ‘ताई, तुम्ही खिळे कधीपासून मारायला लागलात?’

मी चप्पल हातात घेतली. पट्ट्यावर आपलं लेबल. तू काढलेली तीच अक्षरं, ‘घ’च्या गाठीला तूच दिलेला तो झोका. खाली मात्र कडक सोल, पत्र्यासारखं, आणि टाचेत चार बारीक खिळे, एकाचं टोक वर. मी आत हात घातला आणि माझं बोट कापलं. मास्तर म्हणाले, ‘मुलीने बाजारातून आणली. तुमचं दुकान लांब पडतं म्हणून. लेबल बघून आणली.’ मी म्हणाले, ‘मास्तर, ही माझी नाही.’ ते म्हणाले, ‘शिलाई तुमची नाही, ते मलाही दिसतंय. पण नाव तर तुमचंच आहे ना?’ जावई माझ्याकडे बघत होता. त्याला माझा शब्द पटला नाही, आणि त्याच्या जागी मी असते तर मलाही पटला नसता.

दुसऱ्याच दिवशी वकीलबाईंकडे गेले. झेरॉक्सच्या दुकानावर त्यांची एवढीशी खोली आहे, बोलताना खालच्या मशीनची घरघर ऐकू येते. वयाने तुझ्याएवढ्या असतील, पण बोलणं रोखठोक. मी म्हटलं, कोणीतरी माझं नाव चोरलं आहे, त्याला थांबवायचं आहे. त्या म्हणाल्या, ‘आधी बघू या, ते नाव कागदावर कोणाचं आहे.’ संगणकात बघितलं आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. पायघडी, पादत्राणे, नोंदणीकृत. मालक: त्या व्यापाऱ्याची कंपनी. अर्ज तू गेलास त्यानंतर दोन महिन्यांनी केलेला.

मला वाटलं काहीतरी चूक आहे. त्यांनी समजावलं. अर्ज आला की सरकारी पत्रकात छापतात, कोणाची हरकत असेल तर काही महिन्यांची मुदत असते, हरकत आली नाही तर नाव अर्जदाराचं. मी म्हटलं, ते पत्रक वाचतं कोण? त्या म्हणाल्या, ‘ज्यांना चोरायचं असतं ते आणि ज्यांनी वकील लावलेला असतो ते.’ पण धीरही दिला. म्हणाल्या, ‘नुसतं “मऊ चप्पल” असं नाव असतं तर मीच म्हणाले असते सोडून द्या, असं वर्णनाचं नाव कोणा एकाला सहसा मिळत नाही. पायघडी वेगळं आहे, ते तुमच्या घरात जन्मलं आहे. आणि आधीपासून वापरणाऱ्याचा हक्क नोंदणीमुळे बुडत नाही. फक्त ते सिद्ध करावं लागतं.’ त्यांनी यादी दिली आणि मी घर उपसलं. दवाखान्याची चिठ्ठी सापडली, बावीस वर्षांपूर्वीची, डॉक्टरने ‘पायघडीच घ्यावी’ असं लिहिलेली. दुकानाच्या पाटीखाली बाबा उभे आहेत तो फोटो सापडला. वकीलबाई खूश झाल्या.

आम्ही काही करायच्या आतच त्या कंपनीची नोटीस आली. म्हणे, मी त्यांच्या नावाचा बेकायदा वापर करते आहे. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या मी स्वतःच्या नावावर, शिक्क्यानिशी वाचल्या. पुढच्याच महिन्यात कोर्टाचा हुकूम झाला, निकाल लागेपर्यंत मी पायघडी हे नाव वापरायचं नाही. सगळ्याजणी मिळून आम्ही तयार जोडांवरची लेबलं उसवत बसलो. मावशी ब्लेडने एकेक टाका काढायच्या आणि लेबल फेकायच्या नाहीत, मांडीवर रचून ठेवायच्या. पाटीवर मी स्वतः स्टुलावर चढून काळा रंग मारला. गिऱ्हाइकं यायची, बिननावाची चप्पल उलटीसुलटी करायची आणि म्हणायची, ‘पायघडी नाही का?’ माझ्याच दुकानात उभं राहून मी म्हणायचे, नाही.

आणि मग त्यांनी कोर्टात तो कागद दाखल केला.

वकीलबाईंनी मला बोलावून घेतलं. टेबलावर त्याची प्रत होती. कागद आपल्या दुकानाचा, वर छापलेला पत्ता आपला. लिहिलं होतं की पायघडी हे नाव मी स्वखुशीने त्या कंपनीला देत आहे आणि त्यावर माझा कसलाही हक्क उरत नाही. खाली माझी सही. साक्षीदार म्हणून तुझी. वकीलबाईंनी विचारलं, ‘ही सही तुमची आहे का?’

खिळ्या, सही हुबेहूब होती. फक्त शेवटच्या अक्षराखाली दोन टिंबं होती. मी एकच देते. दोन टिंबं कोण द्यायचं, हे जगात दोनच माणसांना माहीत आहे. सहावीत तू गणितात नापास झालास आणि प्रगतिपुस्तकावर माझी सही स्वतःच ठोकलीस. बाईंनी मला शाळेत बोलावलं तेव्हा मी ती दोन टिंबं बघितली, तुझ्याकडे बघितलं, आणि बाईंना म्हणाले, ‘हो, माझीच सही आहे.’ घरी येताना मी तुला रागावले नाही. आई नसलेलं पोर म्हणून. तू हात धरून चालत होतास आणि मधूनमधून माझ्याकडे बघत होतास, की ही आता बोलेल, मग बोलेल. मला तेव्हा ते फार मोठ्या मनाचं वाटलं होतं.

वकीलबाईंना मी म्हणाले, आठवत नाही. तीन आठवडे मी तेच म्हणत राहिले. त्या शेवटी चिडल्या. ‘ताई, सही एक तर तुमची आहे किंवा नाही. “आठवत नाही” म्हणालात तर कागद खरा धरतील आणि आपण हरू. नाही म्हणालात तर तज्ज्ञ तपासेल, आणि मग ज्याने साक्षीदार म्हणून सही केली त्याला उत्तर द्यावं लागेल. खोटा कागद कोर्टात आणणं हा गुन्हा आहे. त्यात तुरुंग आहे.’ मग आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘तो तुमचा कोण?’ त्यांना माहीत होतं. नाव वाचता येतं त्यांना.

त्या रविवारी मी तुझ्याकडे आले होते. तुझ्या बायकोने तुला सांगितलं की नाही, कोण जाणे. तिने दार अर्धंच उघडलं आणि म्हणाली, ‘ते गावाला गेलेत.’ चेहरा पांढराफटक. मी तिला दोष देत नाही. दाराशी तुझे बूट होते. तुझी डावी टाच लहानपणापासून बाहेरच्या बाजूने झिजते; ते बूट त्याच दिवशी चालून आलेले होते, माती ओली होती. आत टीव्ही बंद झाल्याचं ऐकू आलं. मला तुला एवढंच विचारायचं होतं की तू ते सोल कधी हातात घेऊन बघितलंस का. खिळे मारतात हे तुला माहीत होतं, की तू केबिनमध्ये बसून फक्त लेबलं मोजत होतास? उत्तर काहीही आलं असतं तरी मला झोप लागली नसती, म्हणून कदाचित बरंच झालं. मी ‘बरं’ म्हणाले आणि जिना उतरले.

दुकानात त्या आठवड्यात कोणी माझ्याशी धड बोलत नव्हतं. त्यांनाही कळलं होतं. शेवटी मावशीच म्हणाल्या, मशीनवरून मान वर न करता: ‘ताई, तुमचा भाऊ आहे. आमचं कोण आहे?’ त्याच शनिवारी दोघी गेल्या.

मी मास्तरांकडे गेले, त्यांच्या उरलेल्या पायाचं माप घ्यायला. निदान तो तरी सांभाळावा म्हणून. खाटेवर बसून होते. मी कागदावर पाऊल ठेवायला सांगितलं तर म्हणाले, ‘एकाच पायाची, म्हणजे पन्नास टक्के सवलत?’ आणि स्वतःच हसले. मग पेन्सिल फिरत असताना म्हणाले, ‘केसचं काय झालं?’ मी म्हणाले, ‘चालू आहे.’ ते म्हणाले, ‘मुलगी अजून बाजारात ते लेबल बघते, घरी येऊन रडते. मी तिला सांगतो, तुझी चूक नाही, तू नाव बघून घेतलीस.’ मी मान खाली घालून रेघ पुरी केली. चप्पल चार दिवसांत झाली. पण तेवढ्यात दुसऱ्या पायालाही जखम होऊन चिघळली, विष अंगात गेलं. चप्पल द्यायला गेले तेव्हा अंगणात माणसं जमलेली होती. मुलीने ती माझ्या हातून घेतली, आत ठेवून आली, आणि माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

तुला वाटेल, ताई आता माझ्या माथी मास्तरांचं मरण मारते आहे. मारत नाही. ते कोणाच्या माथी किती, हे मला मोजता येत नाही. फॉर्मवर मापं काढणारी मी, कागदावर सही करणारा तू, खिळे मारायला सांगणारा तो. पण तशी चप्पल बाजारात रोज विकली जाते आहे, आपल्या आईच्या तोंडून आलेल्या नावाने, आणि ती थांबवू शकणारं माणूस मी एकटीच आहे, हे मला त्या अंगणात उभं राहून कळलं. मी सरळ वकीलबाईंकडे गेले आणि म्हटलं, मला आठवलं.

तर ज्यासाठी हे पत्र, ते आता लिहिते. वकीलबाईंनी तुझ्याशी संपर्क करायचा नाही असं बजावलं आहे, तरी लिहिते. काल माझी साक्ष झाली. त्यांच्या वकिलाने तो कागद माझ्यापुढे धरला आणि विचारलं, ‘ही सही आपलीच, बरोबर?’ मी म्हणाले, नाही. त्याला ते अपेक्षित होतं. तो छद्मी हसून म्हणाला, ‘मग कोणाची, तेही सांगून टाका.’ मी म्हणाले, ‘माझ्या धाकट्या भावाची. त्याचा हात धरून मीच त्याला लिहायला शिकवलं आहे, मी ओळखते.’ न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि परत विचारलं. मी परत तेच सांगितलं. टिंबांचंही सांगितलं. प्रगतिपुस्तकाचं सांगितलं नाही, ते आपल्या दोघांचं आहे. आठवड्याभरात तुला बोलावणं येईल, आणि ते कोणा शिपायाच्या हातून कळण्याआधी माझ्याकडून कळावं, एवढंच मला करता आलं. वकीलबाई म्हणतात, जो आपणहून येऊन खरं सांगतो, तो कागद कोणी मागितला, कोणी लिहून दिला हे सांगतो, त्याच्याकडे कोर्ट जरा वेगळ्या नजरेने बघतं. जरा, असं म्हणाल्या त्या. खोटी आशा दाखवत नाही मी. तुझ्यासाठी वेगळा वकील बघून ठेवला आहे, चिठ्ठी सोबत जोडते. मी माझा शब्द फिरवणार नाही, तेव्हा तेवढं मागू नकोस. पोलीस तुला विचारतील, बहिणीचं तुझ्याशी काही वैर होतं का. नाही म्हणून सांग. निदान ते तरी खरं असेल.

तुझीच,
ताई